मेलानोमात इम्युनोथेरपीचा गुण येत नाही तेव्हा नेमकं अडतं कुठं?

अंजन | सोमवार, २१:१२

मेलानोमा म्हणजे मेलानिन हा रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर. त्यावर पेंब्रोलिझुमॅब किंवा निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधांचे चार डोस झाले, स्कॅनमध्ये गाठी मोठ्या दिसल्या आणि फायलीवर 'नॉन-रिस्पॉन्डर' (गुण न आलेला) असा शेरा पडला. आता पुढे काय, हे ठरवायला त्या शेऱ्याचा काडीचा उपयोग नाही. पाच-सहा वेगवेगळे बिघाड त्या एका शब्दाखाली झाकले जातात आणि प्रत्येकाची पुढची वाट निराळी असते. ते बिघाड इथे सुटे करून मांडतो. पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी आणि फार्मसीवाल्यांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा.

आधी आकडे. 'चेकमेट ०६७' ही ९४५ रुग्णांची चाचणी. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब जोडीने दिल्यावर ५८ टक्के जणांच्या गाठी आक्रसल्या, एकट्या निव्होलुमॅबने ४५, एकट्या इपिलिमुमॅबने १९. दहा वर्षांनी हयात असलेले अनुक्रमे ४३, ३७ आणि १९ टक्के. ही औषधं येण्यापूर्वी या टप्प्यातले निम्मे रुग्ण वर्षभरही काढत नसत, तेव्हा ही मजल मोठीच. पण जोडी देऊनही दहातल्या चौघांच्या गाठी आक्रसल्या नाहीत, आणि धागा त्या चौघांबद्दल आहे.

ही औषधं गाठीला हात लावत नाहीत. त्यांचं काम टी पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मारेकरी पेशींवर; त्यांना आवरणारे लगाम ही औषधं सोडतात. सीटीएलए-४ हा लगाम मुख्यतः लसिकाग्रंथीत, टी पेशी तयार होतानाच लागतो; तो इपिलिमुमॅब सोडतं. पीडी-१ हा प्रत्यक्ष गाठीजवळ; तो पेंब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब सोडतात. (याच शोधांसाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं.) लगाम सैल करून उपयोग व्हायचा तर आधीची साखळी शाबूत हवी: गाठीत परकी वाटतील अशी प्रथिनं हवीत, डेंड्रायटिक पेशींनी (परक्या खुणा टिपून टी पेशींना दाखवणाऱ्या पेशी) ती उचलून ग्रंथीत न्यायला हवीत, तिथे टी पेशी तयार होऊन गाठीत शिरायला हव्यात, गाठीच्या पेशीवर ती खूण त्यांना दिसायला हवी, आणि शेवटी त्यांचा मार गाठीला लागायला हवा.

पहिली कडी, खूणच नसणे. उन्हाने झालेल्या त्वचेच्या मेलानोमात अतिनील किरणांनी डीएनएत हजारो बदल केलेले असतात, म्हणून टी पेशींना ओळखायला भरपूर खुणा मिळतात. तळपाय, तळहात, नखाखालचा अ‍ॅक्रल मेलानोमा, नाक-तोंड-गुदद्वाराच्या अस्तरातला म्युकोझल आणि डोळ्यातला युव्हिअल यांचा उन्हाशी फारसा संबंध नाही, म्हणून बदलही कमी. युव्हिअलमध्ये तर फारच कमी, आणि एकट्या पीडी-१ औषधाने गाठी आक्रसण्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या आतबाहेर. उलट टोकाला डेस्मोप्लास्टिक मेलानोमा: उन्हाचे डाग प्रचंड, आणि ७० टक्के जणांना गुण.

दुसरी, टी पेशी आतच न येणे. पेशीतला बीटा-कॅटेनिन हा संदेशमार्ग सतत चालू राहिला की गाठ सीसीएल-४ हा रासायनिक सांगावा धाडणं बंद करते, डेंड्रायटिक पेशी येत नाहीत, मागोमाग टी पेशीही नाहीत. पीटीईएन हे जनुक गमावलेल्या गाठींतही टी पेशींची वर्दळ कमी आढळते. लगाम सोडला, पण घोडा तबेल्यातच नाही, असा प्रकार.

तिसरी, आत येऊनही खूण न दिसणे. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर एचएलए नावाच्या तबकात मांडून ठेवते. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हा त्या तबकाचा पाया. तो गेला की सगळी तबकं एकदम गायब.

चौथी मला सगळ्यात बोलकी वाटते. टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा हा रासायनिक संदेश सोडते, गाठ तो जॅक-१ आणि जॅक-२ या प्रथिनांमार्फत ऐकते. एरवी ते ऐकून गाठीची वाढ मंदावते, तबकं वाढतात, आणि बचाव म्हणून ती पीडी-१चा लगाम ओढणारं पीडी-एल१ही वर काढते. जॅक निकामी झाला तर गाठ ठार बहिरी. मार लागत नाही, आणि पीडी-एल१ वर येतच नाही. म्हणजे आपण ज्याला अडवायला औषध देतोय, तोच तिथे हजर नसतो.

पाचवी, टी पेशी थकून गेलेल्या असणे. त्यांच्यावर लॅग-३, टिम-३ असे आणखी लगाम चढलेले असतात आणि फार काळ थकलेल्या पेशी पीडी-१चा लगाम काढूनही पूर्वपदावर येत नाहीत.

सहावा भाग गाठीबाहेरचा: रक्तात वाढलेलं एलडीएच (पेशी फुटल्या की बाहेर येणारं एन्झाइम), यकृतात पसरलेला आजार, सुरुवातीलाच चालू असलेली स्टिरॉइड्स, आतड्यातले जिवाणू.

---

बाराखडी | सोमवार, २१:४०

घोडा-तबेला आवडलं. शंका: हे जॅक, बीटा-२ प्रकरण प्रत्यक्ष रुग्णांत दिसलंय की उंदरांतच?

---

अंजन | सोमवार, २१:५८

रुग्णांतच. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधल्या गटाने २०१६ साली चार जणांच्या गाठी तपासल्या. चौघांनाही पेंब्रोलिझुमॅबने आधी गुण आला होता, नंतर आजार उलटला. औषधापूर्वीचा आणि उलटल्यानंतरचा तुकडा समोरासमोर ठेवून सगळी जनुकं वाचली. एकात जॅक-१ निकामी, एकात जॅक-२, दोन्हींत त्या जनुकाची उरलेली चांगली प्रतही गळालेली. तिसऱ्यात बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन तुटलेलं. चौथ्यात काहीच स्पष्ट सापडलं नाही. तो चौथा विसरू नका. जनुकं वाचून सगळ्यांचं उत्तर मिळतं असं नाही.

---

करडी छटा | सोमवार, २२:३१

साखळीच्या आधीची एक पायरी राहिली: आजार खरंच वाढलाय का?

१. तुलनेचा स्कॅन. पहिल्या डोसच्या आधीचा स्कॅन दोन महिने जुना असेल तर त्या दोन महिन्यांत झालेली वाढही औषधाच्या नावावर पडते. चाचण्यांमध्ये हा स्कॅन साधारण २८ दिवसांच्या आतला मागतात, ते उगाच नाही. विम्याची मंजुरी, पैशांची जमवाजमव यात डोस लांबला तर स्कॅन पुन्हा करून घ्यावा.

२. फसवी वाढ. टी पेशी आत घुसून गाठ फुगते, मग ओसरते. मेलानोमात हे दहातल्या एकापेक्षाही कमी जणांत होतं, तेव्हा प्रत्येक वाढीला 'फसवी असेल' म्हणत बसू नये. नियम असा: १२ आठवड्यांच्या आसपासच्या स्कॅनमध्ये वाढ दिसली आणि रुग्ण हिंडता-फिरता, वजन टिकून, एलडीएच स्थिर असेल, तर ती 'अपुष्ट वाढ' समजून ४ ते ८ आठवड्यांनी परत स्कॅन. रुग्ण खंगत चाललाय, एलडीएच चढतंय, तर थांबण्यात अर्थ नाही.

३. छातीतल्या ग्रंथी. या औषधांनी सार्कॉइडसारखी प्रतिक्रिया येते. फुप्फुसाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सारख्याच ग्रंथी सुजतात आणि पेट-सीटीत झगमगतात. अहवालात 'नवीन मेटास्टॅसिस' (कॅन्सर पसरून झालेली गाठ) लिहून मोकळे होणारे कमी नाहीत. सममिती दिसली की शंका घ्या. आपल्याकडे तिसरी शक्यता क्षयाची; या औषधांवर असताना जुना क्षय डोकं वर काढू शकतो. ईबसने (श्वासनलिकेतून दुर्बीण व सोनोग्राफी) सुई घालून नमुना घ्यावा, अर्धा पॅथॉलॉजीला आणि अर्धा क्षयाच्या जीन-एक्स्पर्ट व कल्चरला. सगळा फॉर्मॅलिनमध्ये बुडवला तर कल्चर गेलंच.

४. मेंदू. पेट-सीटीवर मेंदू 'स्वच्छ' म्हणू नये, मेंदू स्वतःच साखर खेचतो. कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआयच.

५. मिश्र चित्र. नऊ गाठी लहान, एक मोठी. याला 'औषध फसलं' म्हणून सगळं बदलू नये. ती एक काढावी किंवा तिच्यावर नेमका रेडिएशनचा मारा करावा आणि औषध चालू ठेवावं. काढली तर तुकडा आपल्या पॅथॉलॉजीवाल्या सदस्य फॉर्मॅलिन यांच्याकडे. :)

---

फॉर्मॅलिन | मंगळवार, ०७:१५

पाठवाच. पण फॉर्मवर 'मेलानोमा, तपासणी करावी' एवढंच लिहून नको. काय शोधायचंय ते लिहा.

आता पीडी-एल१ची चाचणी, म्हणजे गाठीचा तुकडा रंगवून ते प्रथिन शोधणं. मेलानोमात या चाचणीवर औषध द्यायचं की नाही हे ठरवत नाहीत, कारण निगेटिव्ह असलेल्यांनाही गुण येतो. तरी लोक करतात, आणि चुकीची करतात. नेहमीचा रंग डीएबी, म्हणजे तपकिरी. मेलानिनही तपकिरी. काळपट गाठीच्या स्लाइडवर कुठला तपकिरी कशाचा, हे डोळे फोडूनही कळत नाही. त्यात मेलानिन गिळून बसलेले मॅक्रोफेज (भक्षक पेशी) असतात, ते पीडी-एल१ दाखवतात आणि गाठीच्या खात्यात मोजले जातात. उपाय दोन. रंग लाल वापरा (एईसी किंवा फास्ट रेड). नाहीतर डीएबी ठेवून मागचा रंग हिमॅटॉक्सिलिनऐवजी गिम्सा किंवा अ‍ॅझ्युर-बी करा. मेलानिन हिरवट-निळं होतं आणि डीएबी तपकिरीच राहतो. ब्लीच करून मेलानिन घालवण्याचा तिसरा मार्ग आहे, पण त्यात अँटिजेन खराब होऊ शकतं, तेव्हा सोबत कंट्रोल स्लाइड तशीच ब्लीच करून लावलीच पाहिजे.

बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचं इम्युनो (अँटिबॉडी लावून प्रथिन रंगवणं) हे त्यापेक्षा कामाचं आणि कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेला जमण्यासारखं. वाचण्याची रीत: आधी गाठीतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि आसपासच्या लिम्फोसाइट बघा. त्या रंगल्या असतील आणि गाठीच्या पेशी कोऱ्या असतील तर तबकं खरंच गेलीत. त्याही कोऱ्या असतील तर स्टेन फसलाय, अहवाल देऊ नका.

सीडी-८ पेशी (गाठ मारणाऱ्या टी पेशी) मोजताना 'किती'पेक्षा 'कुठे' पाहा. गाठीची बाहेरची कडा महत्त्वाची. तिथे आणि आत सीडी-८ दाट असतील तर पीडी-१ औषधाचा गुण येण्याची शक्यता जास्त. पण सुईची बायोप्सी बहुधा गाठीच्या मधोमध घेतात. कडा त्यात नसतेच, आणि अहवाल येतो 'टी पेशी विरळ'. शक्य तिथे कडेसकट छोटा तुकडा कापून घ्यावा.

आणि बीआरएएफ, म्हणजे ज्यातल्या व्ही६०० बदलावर नेमक्या गोळ्या आहेत ते जनुक. चाचणी 'फेल' आली की लोक 'डीएनए खराब' म्हणून सोडून देतात. बरेचदा दोष मेलानिनचा असतो, ते डीएनएबरोबर वाहत येतं आणि पीसीआरचं एन्झाइम अडवतं. काढलेला डीएनए दसपट पातळ करून परत लावा, किंवा बीएसए घाला. इम्युनोने व्हीई-१ ही अँटिबॉडी लावणार असाल तर ते फक्त व्ही६००ई पकडतं, व्ही६००के निसटतो. व्हीई-१ निगेटिव्ह म्हणजे बीआरएएफ निगेटिव्ह असं लिहू नये.

---

रानजाई | मंगळवार, ०९:०२

पहिल्या पोस्टमधले ५८ आणि ४५ हे प्रामुख्याने गोऱ्या लोकांच्या त्वचेच्या मेलानोमाचे ना? आपल्याकडे तर तळपायाचा आणि नखाखालचाच जास्त दिसतो, आणि तो भोवरी, चिखल्या किंवा न भरणारी जखम समजून महिनोन् महिने मलमपट्टीवर राहतो. मग मराठी माहितीपत्रकात '५८ टक्के' छापणं दिशाभूल नाही का?

---

आकडेमोड | मंगळवार, ०९:४८

दिशाभूलच. पण उलट्या बाजूचीही चूक करू नका.

म्युकोझलचे आकडे निव्होलुमॅबच्या अनेक चाचण्या एकत्र करून काढलेले आहेत: एकट्या औषधाने म्युकोझलमध्ये २३ टक्के जणांना गुण, त्वचेच्यात ४१, जोडीने म्युकोझलमध्ये ३७, त्वचेच्यात ६०. म्हणजे कमी, पण जोडीचा फायदा तिथेही दिसतो.

अ‍ॅक्रलसाठी लोक चीनमधल्या 'कीनोट-१५१'चा आकडा सांगतात, १५.८ टक्के. तो पेंब्रोलिझुमॅबचा खरा, पण आधीचा उपचार फसल्यावर, दुसऱ्या फळीतला. त्याला पहिल्या फळीतल्या ४५ शेजारी ठेवणं म्हणजे पन्नाशीतल्या खेळाडूची वेळ विशीतल्याशी लावणं. अमेरिकेतल्या जुन्या नोंदींतून २५ अ‍ॅक्रल रुग्णांत ३२ टक्के आला होता. २५ जणांवरचा ३२ टक्के म्हणजे ८ जण. दोन इकडेतिकडे झाले की आकडा २४ किंवा ४०. माहितीपत्रकात लिहायचंच तर 'त्वचेच्या नेहमीच्या प्रकारापेक्षा कमी, तरी काहींना चांगला गुण' असं लिहा आणि टक्केवारी गाळा.

उशिरा निदान हा वेगळा मुद्दा, आणि तुम्ही तो बरोबर धरलात. जाड गाठ, पसरलेला आजार, चढलेलं एलडीएच हे सगळं गुण कमी करणारं आहे आणि अ‍ॅक्रलच्या वाईट आकड्यांत तेही मिसळलेलं असतं. किती वाटा जीवशास्त्राचा आणि किती उशिराचा, हे त्या टक्केवारीतून सुटं होत नाही.

---

थंड पेटी | मंगळवार, १३:२०

एलडीएच निघालंच आहे म्हणून. रक्त बारीक सुईने जोर लावून खेचलं, नळी हलवली, किंवा नमुना तासन् तास पडून राहिला तर लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं एलडीएच सीरममध्ये उतरतं. पोटॅशियमही चढलेलं दिसलं तर आधी नमुन्यावर संशय घ्या. एका खोट्या एलडीएचवरून रुग्णाला 'वाईट गटात' टाकू नका, परत रक्त काढा.

औषधाच्या बाजूने नेहमी येणारा प्रश्न: गुण नाही, तर डोस वाढवायचा का? उपयोग नाही. निव्होलुमॅबमध्ये किलोला ०.१ ते १० मिलिग्रॅम अशा शंभरपट पट्ट्यात मेलानोमाचा गुण डोसप्रमाणे चढत गेला नाही. औषधाचं अर्धायुष्य सुमारे २५ दिवस, आणि टी पेशींवरचे पीडी-१ त्यानंतरही आठवडेच्या आठवडे झाकलेले राहतात. खंगत चाललेल्या रुग्णाच्या शरीरातून औषध लवकर नाहीसं होतं हे खरं, पण तो खंगण्याचा परिणाम आहे. जास्त ओतून आजार उलटत नाही.

उलट प्रश्नही येतो. टाटा मेमोरियलने डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी देऊन दाखवलं. गोळ्यांच्या किमोत ते मिळवल्यावर वर्षभर जगणारे १६.३ वरून ४३.४ टक्के झाले. मग मेलानोमात का नाही? कारण त्या चाचणीत तुलना 'औषध' आणि 'औषध नाही' यांच्यात होती, 'कमी' आणि 'पूर्ण' यांच्यात नव्हती, आणि आजारही दुसरा होता. ज्याला पूर्ण डोस परवडतच नाही त्याच्यापुढे हा पर्याय डॉक्टर मांडतात, ते समजण्यासारखं आहे. मात्र तसं दिलं तर फायलीत डोस ठळक लिहावा. नाहीतर पुढचा डॉक्टर 'पीडी-१ फसलं' एवढंच वाचतो.

हाताळणी: २ ते ८ अंश, गोठवायचं नाही, बाटली हलवायची नाही (फेस आला की प्रथिनाचे गोळे होतात), सलाईनच्या नळीत प्रथिन न चिकटणारी ०.२ ते १.२ मायक्रॉनची जाळी. घरच्या फ्रिजच्या फ्रीझरखालच्या कप्प्यात ठेवलेली बाटली मागच्या भिंतीला टेकून गोठू शकते. गोठलेली बाटली वितळल्यावर दिसायला तशीच दिसते. त्यामुळे रुग्णाने औषध घरी नेऊन ठेवणं टाळावं.

---

रानजाई | मंगळवार, १४:०५

प्रतिकारशक्तीचं औषध आहे म्हणून बरेच जण जोडीला गुळवेलीचा काढा सुरू करतात. त्याने मदत होते, निरुपयोगी आहे, की अपाय?

---

अंजन | मंगळवार, १५:३३

अपायाची शक्यता खरी आहे. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या सहा जणांत ऑटोइम्युन हिपॅटायटिससारखी यकृताची इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली होती, हेही सांगायला हवं. पण इम्युनोथेरपीवरच्या माणसाच्या बाबतीत वाद कोण जिंकला याने फरक पडत नाही. यकृताची एन्झाइम्स एएलटी-एएसटी पाचपट झाले की डॉक्टर ते औषधाचं हिपॅटायटिस धरणार, डोस थांबवणार, किलोला १ ते २ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू करणार आणि ते उतरवायला महिना-दीड महिना जाणार. काढ्यापायी दोन डोस हुकले आणि स्टिरॉइड पोटात गेलं. काढा घेत असाल तर निदान सांगा तरी.

स्टिरॉइडबद्दल एक खुलासा, कारण रुग्ण भीतीने गोळ्या टाळतात. इम्युनोथेरपीने जुलाब, हिपॅटायटिस, फुप्फुसाची सूज झाली तर स्टिरॉइड घ्यायलाच हवं. त्याने आधी मिळालेला गुण सहसा पुसला जात नाही. अडचण आहे ती पहिल्या डोसच्या वेळीच रोज १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन चालू असण्याची. मेंदूच्या सुजेसाठी डेक्सामेथासोन हे त्यातलं नेहमीचं. ४ मिलिग्रॅम डेक्सा म्हणजे साधारण २६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आकडा लहान दिसतो म्हणून फसू नये. जिथे शस्त्रक्रिया किंवा नेमक्या रेडिएशनने मेंदूची सूज आटोक्यात येते तिथे ते आधी करून स्टिरॉइड खाली आणावं. लक्षणं नसलेल्या मेंदूतल्या गाठींना जोडी चांगली लागू पडते: ऑस्ट्रेलियातल्या 'एबीसी' चाचणीत ४६ टक्के जणांच्या मेंदूतल्या गाठी आक्रसल्या, एकट्या निव्होलुमॅबने २०.

---

बाराखडी | मंगळवार, १६:१०

आतड्यातले जिवाणू राहिले. दही, प्रोबायोटिक कॅप्सूल?

---

आकडेमोड | मंगळवार, १७:२६

कॅप्सूल नको. २०२१मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधल्या अभ्यासात रोज किमान २० ग्रॅम तंतुमय पदार्थ खाणाऱ्या मेलानोमाच्या रुग्णांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. बाजारातले प्रोबायोटिक घेणाऱ्यांना फायदा दिसला नाही, आणि उंदरांत तर तोटा दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. जास्त तंतू खाणारा माणूस मुळात बरा जेवू शकणारा असतो, हे विसरू नये. तरी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, एखादा पेरू यात तोटा काही नाही, फक्त औषधाचे जुलाब लागले असतील तेव्हा हे बंद.

विष्ठा-प्रत्यारोपणाचे दोन छोटे प्रयोगही त्याच वर्षी आले. गुण आलेल्यांची विष्ठा गुण न आलेल्यांना देऊन पीडी-१ औषध परत सुरू केलं. इस्राएलमध्ये १० पैकी ३ जणांच्या गाठी आक्रसल्या. पिट्सबर्गमध्ये १५ पैकी ६ जणांना फायदा, त्यात निम्म्यांच्या गाठी आक्रसल्या आणि निम्म्यांच्या नुसत्या थांबल्या. कुतूहल वाटावं इतपत पुरावा आहे, घरी प्रयोग करावा इतपत मुळीच नाही.

मुळात 'कारण सापडलं म्हणजे औषध सापडलं' या समजुतीला एपाकॅडोस्टॅट हा उतारा आहे. आयडीओ हे एन्झाइम टी पेशींना उपाशी मारतं, ते अडवलं की पेंब्रोलिझुमॅबला जोर येईल, असा बिनतोड युक्तिवाद होता. सुरुवातीच्या छोट्या चाचण्या झकास. मग ७०६ रुग्णांची चाचणी झाली, २०१८ साली निकाल आला: आजार वाढेपर्यंतच्या काळाचा मध्यक ४.७ महिने, नुसत्या पेंब्रोलिझुमॅबने ४.९. शून्य फायदा.

---

रानजाई | मंगळवार, १८:४४

मग पीडी-१ खरंच फसलं हे पक्कं झाल्यावर हातात काय उरतं? कडीनिहाय सांगा.

---

अंजन | मंगळवार, २१:०७

कडीनिहाय म्हणजे पूर्ण नेमकेपणा अजून नाही. तरी:

बीआरएएफ व्ही६०० असेल तर डाब्राफेनिब १५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि ट्रामेटिनिब २ मिलिग्रॅम एकदा. गाठी पटकन आक्रसतात, पण बहुतेकांत वर्षा-दीड वर्षात उलटतात. म्हणून सुरुवात यानेच करावी असं नाही. 'ड्रीमसेक' चाचणीत आधी इम्युनोथेरपीची जोडी दिलेल्यांपैकी ७२ टक्के दोन वर्षांनी हयात होते, आधी गोळ्या दिलेल्यांपैकी ५२. अ‍ॅक्रल आणि म्युकोझलमध्ये बीआरएएफ कमी सापडतं. तिथे किट हे जनुक तपासून घ्या, योग्य जागी बदल असेल तर इमॅटिनिब काहींना चालतं.

एकटं पीडी-१ फसलं असेल तर त्यात इपिलिमुमॅबची भर. 'एस-१६१६' चाचणीत जोडीने २८ टक्के जणांच्या गाठी आक्रसल्या, नुसत्या इपिलिमुमॅबने ९. यावरून दिसतं की पीडी-१ फसल्यावर ते सोडून इपिलिमुमॅबवर उडी मारणं चूक; दोन्ही एकत्र हवीत. सीटीएलए-४ लसिकाग्रंथीतल्या टप्प्यावर काम करतं, म्हणून ज्यांच्या गाठीत टी पेशी पोचल्याच नव्हत्या त्यांतल्या काहींना याचा उपयोग होत असावा, असा माझा कयास. रेलॅटलिमॅब हे लॅग-३ अडवणारं औषध निव्होलुमॅबबरोबर पहिल्या फळीत चाललं (आजार वाढेपर्यंतचा मध्यक १०.१ महिने, नुसत्या निव्होलुमॅबने ४.६), पण पीडी-१ फसल्यानंतर दिलं तर गुण बराच खाली येतो.

टीआयएल, म्हणजे गाठीत शिरलेल्या टी पेशींचाच उपचार. गाठ कापून तिच्यातल्याच टी पेशी बाहेर काढायच्या, सुमारे २२ दिवस वाढवायच्या, रुग्णाला सायक्लोफॉस्फमाइड आणि फ्लुडाराबिन देऊन जागा मोकळी करायची, मग त्या सोडायच्या आणि वर टी पेशींना वाढवणारं आयएल-२. या प्रकारच्या लिफिल्युसेलला अमेरिकेत फेब्रुवारी २०२४मध्ये मान्यता मिळाली, बहुतेक उपचार संपलेल्यांत ३१.५ टक्के गुण. टी पेशी कमी किंवा थकलेल्या, या कड्यांवर हा उपाय. पण तबकंच गेली असतील तर कोट्यवधी टी पेशीसुद्धा आंधळ्या. एवढा खर्च आणि आयएल-२चा त्रास पत्करण्याआधी फॉर्मॅलिन यांनी सांगितलेला बीटा-२चा स्टेन करून बघणं मला शहाणपणाचं वाटतं. तो अजून सगळीकडचा नियम नाही.

युव्हिअलची वाट निराळी: टेबेंटाफस्प हे औषध. त्यासाठी रुग्णाच्या तबकाचा प्रकार एचएलए-ए*०२:०१ हवा. इथे आपल्याकडे एक खाच आहे. भारतात ए-२ असणाऱ्यांतही ०२:११ सारखे उपप्रकार बरेच आहेत. 'ए-२ पॉझिटिव्ह' एवढ्या अहवालावर थांबू नका, चार अंकी टायपिंग मागा.

---

करडी छटा | मंगळवार, २१:३५

+१. आणि ज्यांची गाठ अजून कापता येण्यासारखी आहे त्यांच्यात शस्त्रक्रियेआधी डोस देण्याबद्दल?

---

अंजन | मंगळवार, २१:५२

गुण येण्याची शक्यता वाढवायचा आजचा सगळ्यात भक्कम मार्ग तोच. गाठ जागेवर असताना औषध दिलं तर टी पेशींना शिकायला सगळी खुणावळ समोर असते. कापून टाकल्यावर ती उरत नाही. 'एस-१८०१'मध्ये पेंब्रोलिझुमॅबचे १८ डोस दोन्ही गटांना ठरवलेले, फक्त एका गटाला त्यातले ३ शस्त्रक्रियेआधी. दोन वर्षांनी आजार न उलटलेले ७२ विरुद्ध ४९ टक्के. तेच औषध, तेवढेच डोस, फक्त क्रम बदलला. 'नादिना'मध्ये इपिलिमुमॅब ८० आणि निव्होलुमॅब २४० मिलिग्रॅमचे दोन डोस आधी. वर्षाने आजार न उलटलेले ८४ टक्के, आधी शस्त्रक्रिया झालेल्यांत ५७. काखेत-जांघेत ग्रंथी हाताला लागतात म्हणून 'आधी कापून टाका' असा घरच्यांचा धोशा असतो. तिसऱ्या टप्प्याच्या मेलानोमात कापण्याआधी ऑन्कॉलॉजिस्टची एक भेट घ्याच.

---

फॉर्मॅलिन | बुधवार, ०६:५०

त्या कापलेल्या ग्रंथींत जिवंत गाठ १० टक्के किंवा कमी उरली असेल तर पुढचं भाकीत फार चांगलं. पण मोजायचं कशात? गाठीचा मूळ बिछाना पूर्ण कापून घ्यावा लागतो, एक-दोन तुकडे पुरत नाहीत. मेलानिनने भरलेल्या मॅक्रोफेजचा काळा ढीग म्हणजे जिवंत मेलानोमा नाही, मेलेल्या गाठीची राख आहे. सॉक्स-१० (मेलानोमाच्या पेशी रंगवणारा स्टेन) लावून वेगळं करा. सर्जननी ग्रंथी कुठली, आधी डोस किती आणि शेवटचा कधी, हे फॉर्मवर लिहावं.

परत बायोप्सी घेताना जागा निवडायला मिळाली तर हाड टाळा. हाडाचा तुकडा मऊ करायला नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं की डीएनएची वाट लागते आणि जॅक, बीटा-२, बीआरएएफ काहीच वाचता येत नाही. हाडच घ्यावं लागलं तर ईडीटीएने मऊ करा. दिवस जास्त लागतात, तेवढी कळ रुग्णाला आधीच सांगून ठेवा. फॉर्मवर मोठ्या अक्षरात: 'आम्ल नको, जनुकीय तपासणी आहे.'